चार बोटं उंच

टँकरवाल्याने फ्रेम परत आणली तेव्हा नेमकी दुकानासमोर माणसं बसली होती. यंदा पावसाने तोंड फिरवलं होतं, विहिरी तळाला गेल्या होत्या, शेतात हात घालावा असं काही उरलं नव्हतं. अशा उन्हाळ्यात माणसं कुठेतरी सावलीला टेकणारच, आणि रस्त्याला लागून एवढी ऐसपैस सावली मिस्त्रीच्या पत्र्याखालीच होती. चौघांनी मिळून फ्रेम ट्रॉलीतून उतरवली आणि सिमेंटच्या ओट्यावर ठेवली. टँकरवाल्याने एका कोपऱ्यावर नुसता पाय दिला. समोरचा कोपरा वर उचलला गेला. पाय काढला, कोपरा खाली आला. त्याने ते पुन्हा केलं, आणि मग सगळ्यांना नीट दिसावं म्हणून आणखी एकदा.

"मिस्त्री, मी पाण्याच्या टाकीची फ्रेम सांगितली होती," तो म्हणाला. "पाळणा नको होता मला."

माणसं हसली. मिस्त्रीही हसला, न हसून करतो काय. वेल्डिंगचं काम करता करता केस पांढरे झाले होते त्याचे, आणि फ्रेमला पीळ बसलाय हे त्याला टँकरवाल्याच्या पायाआधीच दिसलं होतं. ती ट्रॉलीतून उतरत होती तेव्हाच.

"ठेवून जा. सरळ करून देतो."

"रविवारपर्यंत थांबतो. नंतर मी शहराची वाट धरणार. आणि मी एकदा गेलो की बाकीचे टँकरवाले पण माझ्या मागे येतील, हे तुम्हाला माहीत आहे." तो ट्रॅक्टरवर चढला आणि जाता जाता म्हणाला, "धाकटा होता तेव्हा असं होत नव्हतं."

हे शेवटचं वाक्य बोलायची काही गरज नव्हती. पण लोकांना गरज नसलेलीच वाक्यं जास्त सुचतात.

धाकटा म्हणजे मिस्त्रीचा भाऊ. वडील भात्यापुढे बसून काम करत गेले आणि त्यांच्या हाताखाली दोघे भाऊ बसूनच शिकले. वडील गेले, भाता गेला, वेल्डिंगची मशिनं आली, पण बसणं काही सुटलं नाही. जमिनीवर लोखंड मांडायचं आणि दोघांनी उकिडवं बसायचं, समोरासमोर, दोघांच्या हातात वेल्डिंगचा एकेक होल्डर. लोखंडाचा स्वभाव असा, की ज्या बाजूने तापवाल त्या बाजूला ते ओढलं जातं. म्हणून दोघांनी समोरासमोरच्या कोपऱ्यांतून एकाच वेळी सुरुवात करायची आणि एका चालीने आत यायचं. थोरला मोजायचा, "एक, दोन, हं." त्या "हं"ला दोन्हीकडे एकदम उजेड पडायचा. अर्धं काम याचं, अर्धं त्याचं. फ्रेम निघायची ती सुतासारखी सरळ. टँकरवाल्याला त्यात पाय द्यायला जागाच राहायची नाही.

शेडला लागूनच घर होतं. घराच्या स्वयंपाकघराला खिडकी नव्हती, तिथे दिवसाही दिवा लागायचा. एक मशीन चाललं की दिवा जरा मंद व्हायचा, दोन्ही चालली की अगदी पणतीएवढा. मिस्त्रीची बायको त्या दिव्यावरून ओळखायची, दोघे भाऊ कामाला लागले. गेलं वर्षभर दिवा एवढा कधी उतरला नव्हता.

वर्षापूर्वी धाकट्याची पाठ गेली. तीन आठवडे तो फळीवर उताणा पडून होता, कूस बदलायची तरी वहिनीला हाक मारावी लागायची. उठला तेव्हा भिंत धरत धरत शेडमध्ये आला आणि म्हणाला, "दादा, आपण एक टेबल करू. जाड प्लेटचं. उभं राहून काम करू." तेव्हाही शेडमध्ये माणसं होती. ती नेहमीच असत. थोरल्याने मान वर न करता म्हटलं, "टेबलावर जेवतात रे. काम जमिनीवर होतं." सगळे हसले. धाकटाही हसला. महिन्याभरात बायकोला घेऊन तो शहरातल्या एका कारखान्यात गेला. तिथे प्रत्येक वेल्डरला स्वतंत्र टेबल होतं.

भांडण असं झालंच नाही. तो फोन करायचा, बरा आहे म्हणायचा, जेवलास का विचारायचा. आपलं माणूस पाहुण्यासारखं बोलायला लागलं की फार लागतं, आणि तक्रार करायलाही काही हातात येत नाही.

टँकरवाला गेला त्या संध्याकाळी मिस्त्री ओसरीवर येऊन बसला. बायको धान्य निवडत होती.

"टेबल करतो म्हणतोय," तो म्हणाला.

"कसलं?"

"लोखंडाचं. कामाचं."

तिने एक खडा उचलून अंगणात टाकला. "टेबलावर जेवतात ना?"

त्याने ते ऐकून घेतलं. तेवढा तिचा हक्क होता. तीन आठवडे दिराची कूस तिने बदलली होती.

"भावजींना फोन करा की सरळ," ती म्हणाली.

"टेबल होऊ दे. मग करतो. रिकाम्या हाताने काय बोलवायचं?"

त्याला भाऊ परत हवा होता. टँकर, फ्रेमा, गिऱ्हाइकं हे सगळं खरंच होतं, पण त्याखाली एवढी एकच गोष्ट होती. दुपारी काम थांबवून डोळ्यांपुढची काळी काच खाली घेतली, की समोरची रिकामी जमीन दिसायची. तिथे त्याचा जीव कासावीस व्हायचा. मग तो पुन्हा काच वर धरायचा, काचेतून तेवढं तरी दिसत नसे.

भंगारवाल्याकडे कुठल्याशा बंद पडलेल्या गिरणीच्या मशिनाखालची प्लेट पडून होती. अंगठ्याएवढी जाड, दाराच्या दोन फळ्या शेजारी ठेवाव्यात एवढी मोठी, वरून गंजलेली पण आतून ठणठणीत. मिस्त्रीने तिच्यावर हातोडी मारून पाहिली आणि तिचा आवाज ऐकत उभा राहिला. भंगारवाला म्हणाला, "ही न्यायला हत्ती आण." हत्ती नव्हता, म्हणून टँकरवाल्याचा ट्रॅक्टर आणला. त्याने प्लेट शेडच्या तोंडाशी उतरवून दिली, वर विचारलं, "जेवायला कधी बोलावताय?" गावात कुठलंच वाक्य मरत नाही.

तिथून प्लेट आत नेणं नवरा-बायकोच्या वाट्याला आलं. पाइपांचे तुकडे खाली घालायचे, मिस्त्रीने पहारीने मागून रेटायचं, पाइप मागून सुटला की तिने उचलून पुढे घालायचा. पहार एकदा निसटली आणि त्याच्या डाव्या हाताची करंगळी प्लेटखाली चेपली. नख काळं पडलं. त्याने बोट तोंडात धरलं. तिने पाण्याचा तांब्या आणला, त्यातलं अर्धं पाणी त्याच्या बोटावर घातलं आणि अर्धं परत माठात ओतलं. पाणी वाया घालवायचे दिवस नव्हते.

मग खालच्या सांगाड्याचं काम निघालं. चॅनल कापले, घासले, गुण्या लावून कोपरे जुळवले. पायांसाठी जाड चौकोनी पाइप होता. मिस्त्रीने पाइप अंगाशी उभा धरला, आपल्या कमरेशी खडूने खूण केली, मग त्या खुणेवर चार बोटं ठेवून वर दुसरी खूण केली. पाइप धरायला बायको होती.

"तुमची कंबर एवढी वर कधी गेली?" ती म्हणाली.

"पुढेमागे लादी घालायची आहे. जमीन वर येईल."

"चार बोटं?"

"तू पाइप धर."

तिने पाइप धरला. घरात चार बोटं उंच कोण होतं ते तिला सांगायची गरज नव्हती. स्वयंपाकघराच्या चौकटीवर धाकट्याच्या कपाळाचा तेलकट डाग अजून होता. जेवायला येताना दर वेळी आपटायचा आणि दर वेळी वहिनीला म्हणायचा, चौकट वाढलेली दिसत नाही.

चारही पाय लागले. पाण्याची नळी धरून सांगाडा समपातळीत आणला. चेन कप्पीने प्लेट उचलून वर ठेवली तेव्हा शेडची तुळई करकरली. पण प्लेट बसली. मिस्त्रीने तिच्यावरून तळवा फिरवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच लोखंड त्याच्या कमरेशी आलं होतं, खरं म्हणजे जरा वरच, आणि त्याला ते देवघरात काही मांडावं तसं वाटलं. आता प्लेट सांगाड्याला खालून जोडली की झालं. मग फोन.

त्याने आपल्या बाजूला शिकंजे आवळले. समोरची बाजू नेहमीसारखी मोकळी ठेवली. होल्डर हातात घेतला, काच धरली आणि म्हणाला, "एक, दोन, हं."

हात लागला तो लागलाच. बऱ्याच दिवसांनी काम मनासारखं चाललं होतं. रॉड संपला की नवा, तो संपला की आणखी. जोडावरची खपली आपोआप सुटत होती, आणि खाली निघत होती ती रेघ माशाच्या खवल्यांसारखी एकसारखी. कोपऱ्यातून निघून तो मधे आला, मधून दुसऱ्या कोपऱ्याला गेला, आपली बाजू पूर्ण केली. मग सवयीने काच खाली घेतली आणि समोर बघितलं, धाकट्याचं कुठवर आलंय.

समोर कोणी नव्हतं. समोरची बाजू कोरी होती. तिथे एक टाकासुद्धा पडला नव्हता. आणि ती आख्खी बाजू सांगाड्यापासून वर उचलली गेली होती, पेन्सिल सहज सरकेल एवढी.

नवशिक्याने केलं असतं तर त्याने त्याच्या पाठीत धपाटा घातला असता. त्याने पट्टी आडवी धरली, पट्टीखालून उजेड दिसला. पट्टी फिरवून धरली, तिथूनही दिसला. मिस्त्री होता तिथे जमिनीवर बसला.

स्वयंपाकघरात दिवा मघाशी मंद झाला होता, मग लख्ख झाला आणि लख्खच राहिला. बायको बाहेर आली. तिने टेबलाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. ओसरीवर जाऊन तिने दिराला फोन लावला.

"भावजी, जेवलात का?"

"जेवलो वहिनी. दादा बरा आहे ना?"

"दादा बरे आहेत. टेबल वाकलंय."

"कसलं टेबल?"

"तुमच्या दादांनी केलंय. लोखंडाचं. उभं राहून काम करायचं."

तिकडे मशिनांचा आवाज येत होता.

"दादानं टेबल केलं?"

"केलं. आणि आता त्याच्याशेजारी मूग गिळून बसलेत."

"रविवारी येतो," धाकटा म्हणाला.

रविवारी सकाळच्या बसने तो आला. अंगाने जरा भरला होता, पायात जाड तळाचे बूट होते, कमरेला कारखान्याचा रुंद पट्टा. स्वयंपाकघराच्या दारातून आत येताना त्याने मान खाली घातली, म्हणून कपाळ आपटलं नाही. वहिनीला ते उगाच लागलं. त्याने तिच्या हातचं पाणी घेतलं, आणि अर्धा पेला रिकामा करून शेडमध्ये गेला.

थोरला तिथेच होता, काही कारण नसताना ग्राइंडर पुसत होता.

धाकट्याने टेबलाभोवती एक फेरी मारली. तळवा फिरवला. पट्टी मागितली, आडवी धरली, डोळा बारीक करून खालून बघितलं. मग वाकून खालची रेघ पाहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"तुझी बाजू एकदम मारलीस?"

"हो."

"आणि माझी?"

"ती राहिली," थोरला म्हणाला.

धाकटा वाकलेलाच राहिला. तसाच म्हणाला, "माझं मशीन विकलंस का?"

कोपऱ्यात पोत्याखाली ते होतं. पोतं काढलं तर मशिनावर धूळ नव्हती. वर्षभर थोरला ते दर आठवड्याला पुसत होता.

दोघांनी आधी जागोजागी ग्राइंडरने वेल्डिंग कापून काढलं. शेडची तुळई आणि प्लेट यांच्यामध्ये जॅक बसवला आणि उचललेली बाजू दाबत दाबत सांगाड्याला टेकवली. धाकटा खाली बसायचा टाळत होता. बसावं लागलं तर आधी एक गुडघा टेकायचा, मग टेबलाला धरून दुसरा. थोरल्याने ते पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं. मग दोघे समोरासमोर उभे राहिले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा उभे.

"एक, दोन, हं," थोरला म्हणाला.

स्वयंपाकघरात वहिनी भाजी चिरत होती. दिवा एकदम पणतीएवढा झाला. तिने विळी बाजूला सारली आणि तशीच अंधारात बसून राहिली. दिवा वर आला, पुन्हा उतरला, पुन्हा वर आला. डोळे पुसायचे होते ते तिने दिवा उतरलेला असताना पुसून घेतले.

दुपार कलली तेव्हा पट्टीखालून उजेड येईनासा झाला. मग टँकरवाल्याची फ्रेम वर घेतली, शिकंज्यांनी आवळली आणि तीही दोघांनी बघता बघता सरळ केली. काम करताना धाकटा ताठ उभा होता. टेबल त्याला असं बेतशीर बसलं होतं, की कारखान्यातलंही बसलं नसेल. थोरल्याचे मात्र खांदे कानाला लागले होते आणि कोपरं पंखासारखी बाहेर आली होती. धाकट्याने काच खाली घेऊन त्याच्याकडे पाहिलं.

"दादा, उंच झालंय तुला."

"होईल सवय."

"सवयीनेच तर पाठ गेली माझी."

थोरल्याने होल्डर खाली ठेवला. आता बोलायलाच हवं होतं. टेबल झालं होतं, हात रिकामे नव्हते.

"तुझ्या मापाचं आहे ते," तो म्हणाला. "तू ये परत. वर्षभर माझं कशात लक्ष नाही. मोजतो, आणि समोर कोणी नसतं."

धाकटा हातमोज्याचं एकेक बोट ओढत राहिला. "तिकडं सहा जण माझ्या हाताखाली आहेत, दादा. हिलाही काम लागलंय. दोन खोल्या घेतल्यात. पाठीचा डॉक्टर जवळ आहे."

"मी तेव्हा चारचौघांत बोललो ते—"

"ते मनात नाही माझ्या. रागावून गेलो असतो तर राग उतरल्यावर आलो असतो."

पत्र्यावर ऊन तडतडत होतं. राग असता तर त्याने पाय धरले असते, पण राग नव्हता.

"जॅक लाव," धाकटा म्हणाला.

"कशाला?"

"लाव तर."

एकेक पाय उचलून सांगाड्याखाली ठोकळा सरकवला. धाकट्याने पायाच्या टोकाशी आपली चार बोटं आडवी धरली आणि खडूने रेघ मारली. चारी पायांना मारली. मग ग्राइंडर घेतला. कापताना पाइप थरथरू नये म्हणून धरायला माणूस लागतो. थोरला खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी पाय धरला. ठिणग्या त्याच्या मनगटांवर पडत होत्या, पण त्याने हात हलवला नाही. पहिला तुकडा पडला, दुसरा पडला. चौथ्या वेळी ग्राइंडर थांबला तरी त्याने पाय सोडला नव्हता.

"सोड, दादा," धाकटा म्हणाला.

टेबल खाली उतरलं. थोरला त्याच्यासमोर उभा राहिला. खांदे जागेवर आले, कोपरं अंगाशी आली. त्याच्या स्वतःच्या मापाचं असं त्याच्या आयुष्यात आजवर काही झालं नव्हतं.

"आता एकट्याने कसं मारायचं ते बघ," धाकटा म्हणाला. "एका बाजूला जास्त नाही मारायचं. वीतभर मारायचं, थांबायचं, वळसा घालून समोर जायचं, तिथे वीतभर मारायचं. मग परत इकडे. वेळ लागतो, पण ओढत नाही."

"म्हणजे तुझी बाजूपण मीच."

"हो," धाकटा म्हणाला.

संध्याकाळच्या बसला वहिनीने त्याला डबा बांधून दिला. स्वयंपाकघराच्या दारातून निघताना त्याने चौकटीला कपाळ मुद्दाम जरासं लावलं आणि म्हणाला, "वहिनी, वाढली नाही अजून." ती हसली आणि लगेच आत गेली.

दुसऱ्या दिवशी टँकरवाला आला. त्याने फ्रेम ओट्यावर ठेवून एका कोपऱ्यावर पाय दिला, मग दुसऱ्यावर दिला, मग ट्रॉलीत चढवून घेतली. नवी दोन कामंही सांगितली. टेबलाला त्याने एकदा हात लावून पाहिला. टेबलाखाली, प्रत्येक पायाशेजारी पाइपचा एकेक तुकडा उभा ठेवला होता, चार बोटं उंचीचा. कडा घासून गुळगुळीत केलेल्या होत्या.

"हे भंगारात द्यायचे का? जातोच आहे तिकडे," टँकरवाला म्हणाला.

"राहू दे. कामाचे आहेत."

"एवढ्याशा तुकड्यांचं काय काम?"

"जोडायचे आहेत," मिस्त्री म्हणाला.

"कधी?"

नवं काम टेबलावर मांडलं होतं. मिस्त्रीने काच डोळ्यांपुढे धरली, मोजलं, वीतभर मारलं. मग होल्डरची वायर सावरत टेबलाला वळसा घातला आणि धाकट्याच्या जागी जाऊन उभा राहिला.